दहा हजारांचा आकडा

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातलं एक घर. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस.)

मे 2023. बागायतदारांची नव्या कापसाची लागवड सुरू होतेय आणि मागच्या हंगामाचा कापूस अजून घरातच आहे. वजन घटतंय, अंगाला खाज सुटतेय, सोसायटीचं व्याज चढतंय. विकायला बाजार नाही असंही नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,380 रुपये; गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीवाला त्याहून जास्त द्यायला तयार आहे. तरी उत्तर एकच : "नही भो, थांबू."

कारण एक आकडा. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो भाव डोक्यातून जात नाही.

लोक याला लोभ म्हणतात. मला ते पटत नाही. हा आकडा डोक्यात कसा बसतो, याचा छडा एका मानसशास्त्रज्ञाने अर्ध्या शतकापूर्वीच लावला होता. त्याचं नाव डॅनियल काहनेमन.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

जन्म 1934, तेल अवीव. बालपण पॅरिसमध्ये, आणि तेही नाझींच्या ताब्यातल्या. ज्यू असल्यामुळे वडिलांना धरून नेलं, मग सोडलं. 1944 मध्ये मधुमेहाने ते गेले. युद्धानंतर आई मुलांना घेऊन पॅलेस्टाइनला आली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून मानसशास्त्र आणि गणिताची पदवी, मग इस्रायली सैन्यात नोकरी, 1961 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून पीएचडी.

सैन्याच्या विमान-प्रशिक्षकांना ते एकदा शिकवत होते : शाबासकीने माणूस जास्त शिकतो. एक प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, आमच्याकडे उलटं होतं. कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. काहनेमन यांच्या लक्षात आलं, की यात शाबासकीचाही हात नाही आणि शिव्यांचाही. फार चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा साधारणच असतं, फार वाईटानंतरचंही तसंच. आपल्याकडच्या छडीवाल्या गुरुजींनाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

1969 च्या सुमारास त्यांना दुसरे मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वेर्स्की भेटले. ट्वेर्स्की हजरजबाबी, आत्मविश्वासाने भरलेले. काहनेमन सतत शंका काढणारे. दोघं तासन् तास बोलत बसायचे. पहिल्या निबंधावर कुणाचं नाव आधी, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं.

1974 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यातला एक प्रयोग असा : लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र 10 वर थांबलं, तर मधला अंदाज 25. 65 वर थांबलं, तर 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी समोर आलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढला.

आता जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावकडे चला. इथे गणेश चतुर्थीला कापसाची मुहूर्ताची खरेदी होते. पूजा, फटाके आणि चढा भाव. हा भाव मानाचा, बाजाराचा नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दुसऱ्या दिवशी तोच आकडा पेपरात, मोबाइलवर, पारावर.

पण खरा घाव या दोघांच्या 1979 च्या निबंधाचा. माणूस हातात आलेले पैसे नुसते मोजत नाही, मनातल्या एका खुणेपासून मोजतो, असं या जोडीने मांडलं. खुणेच्या वर नफा, खाली तोटा. आणि तोटा नफ्याच्या साधारण दुप्पट बोचतो. शिवाय तोट्यात सापडलेला माणूस जोखीम घ्यायला तयार होतो. खूण दहा हजारांवर असेल, तर साडेसात हजारांचा भाव हमीभावाच्या वर असूनही अडीच हजारांचा खड्डाच दिसतो. मग 'अजून थोडं थांबू'.

सगळं खापर मनावर फोडू नये. आदल्या हंगामात थांबलेल्यांना खरंच जास्त मिळालं होतं. आणि थांबणं परवडतं कुणाला? ज्याला उधारी लगेच फेडायची आहे, तो दिवाळीआधीच विकून मोकळा होतो.

ट्वेर्स्की 1996 मध्ये गेले. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, त्यामुळे 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल घ्यायला जोडीतला एकटा काहनेमन उरला. अर्थशास्त्राचा एकही अभ्यासक्रम त्यांनी केलेला नव्हता. पुढे त्यांच्या गाजलेल्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचा आधार डळमळला, तेव्हा लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण फार विश्वास टाकला, हे त्यांनी 2017 मध्ये जाहीर मान्य केलं. एवढ्या उंचीवर असं बोलणारे प्राध्यापक थोडेच. 27 मार्च 2024 ला, वयाच्या 90 व्या वर्षी, ते गेले.

(दृश्य : पुन्हा गाव, पार.)

त्यांच्या कामातून निघणारा एक प्रश्न आम्ही चोपड्याकडच्या एका काकांना विचारला. काका, हा कापूस तुमचा नसता, तर आजच्या भावाने विकत घेऊन घरात भरला असता का?

"इकत लिसन? मी येडा शे का?"

मग हा विकून का टाकत नाही?

काका हसले. म्हणाले, शेजाऱ्याने मागच्या साली दहा हजारांच्या वर घेतले ना.