दिसतं तेवढंच बांधायचं

ॲपमधल्या यादीत दहा हजार नोंदी असल्या, तरी फोनच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम दहा-बारा दिसतात. सगळी मेख इथेच आहे. वर सरकून पडद्याबाहेर गेलेली ओळ टाकून द्यायची नाही, नवा मजकूर भरून तीच खालून आत आणायची. आयफोनचा यूआयटेबलव्ह्यू, म्हणजे यादी दाखवणारा तयार घटक, पहिल्यापासून याच सोयीने बनलेला आहे. अँड्रॉइडच्या तशाच घटकात, लिस्टव्ह्यूत, जुनी ओळ पुन्हा वापरणं प्रोग्रॅमरच्या मर्जीवर होतं. २०१४ साली त्याच्या जागी आलेल्या रीसायकलरव्ह्यूने ती शिस्तच लावून दिली.

मग याद्या सरकवताना अडखळतात कशामुळे? पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एका फ्रेमला (एकदा रंगवायला) १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर त्याच्याही निम्मे. तेवढ्यात ओळ भरायची, मापायची, रंगवायची. आणि नेमकं तिथेच कुणीतरी डेटाबेसला हात घालतं किंवा प्रत्येक ओळीसाठी तारखेचा फॉरमॅटर (तारीख वाचण्याजोग्या रूपात मांडणारा कोड) नव्याने बनवतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ओळ भरताना हिशेब करू नका. तयार मजकूर आणा आणि ठेवा.

चित्रांचंही तसंच. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे मेमरीत ४८ एमबी. फाइल ३ एमबीची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ओळीत तो २०० बाय २०० एवढाच दिसणार असेल, तर त्याच आकारात डीकोड करा, म्हणजे फाइलमधून पिक्सेलमध्ये उलगडा. १६० केबीत काम होतं.

आता ज्या चुकीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ती सांगतो. तिसऱ्या नोंदीने फोटो मागवला, नेटवर्क मंद आहे. तोवर वापरणारा पुढे सरकला आणि तीच ओळ आता चौदाव्या नोंदीसाठी वापरात आली. मग तिसऱ्याचा फोटो पोहोचतो आणि चौदाव्याच्या नावाशेजारी जाऊन बसतो. क्षणभर का होईना, एकाच्या नावाला दुसऱ्याचा चेहरा! रुग्णांच्या यादीत हे घडलं तर? म्हणून ओळ भरताना आधी जुनं चित्र पुसा, जुनी मागणी रद्द करा, आणि चित्र आल्यावर ‘ही ओळ अजून त्याच नोंदीची आहे ना?’ हे तपासा. चेकबॉक्सची खूणसुद्धा ओळीत ठेवू नका, डेटात ठेवा. नाहीतर तीही भलत्याच नोंदीवर उमटते.

यादीची पुढची पानं सर्व्हरकडून मागवताना ‘पहिल्या ४० सोडून पुढच्या २०’ असं विचारू नका. मधल्या काळात वर नवी नोंद आली की सगळं एक घर खाली सरकतं आणि आधी दिसलेली नोंद पुन्हा दिसते. शेवटच्या नोंदीचा आयडी (ओळख क्रमांक) देऊन ‘या आयडीनंतरच्या २०’ असं विचारा.

आणि तपासणी रिलीज बिल्डवर, म्हणजे ॲपच्या वापरणाऱ्यांना जाणाऱ्या आवृत्तीवर, साध्यातल्या साध्या फोनवर करा. फ्लटर किंवा कंपोझ या ॲप बनवायच्या साधनांच्या डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या आवृत्तीत) चांगली यादीही रखडते, त्यावरून कोडला दोष देत बसू नका.