लाइन वाढवण्याआधी

फाइल ट्रान्सफर हळू चाललंय अशी तक्रार आली, की पहिली मागणी येते ती लाइन, म्हणजे नेटवर्क जोडणीची क्षमता, वाढवण्याची. माझा आग्रह आहे की आधी मोजा. फाइल इकडच्या डिस्कवरून वाचली जाते, एन्क्रिप्ट होते, नेटवर्कवरून जाते आणि पलीकडे पुन्हा डिस्कवर लिहिली जाते. यातला सगळ्यांत मंद टप्पा जेवढा, तेवढाच तुमचा वेग.

आयपर्फ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन चालवून बघा. ते डेटा मेमरीतून मेमरीत पाठवतं, डिस्कचा संबंधच येत नाही. त्यात पूर्ण वेग मिळाला, तर लाइन निर्दोष आहे. प्रोसेसर बघताना सरासरीवर जाऊ नका, प्रत्येक कोअर (प्रोसेसरचा स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वेगळा बघा. एका एसएसएच (दोन मशीनमधल्या सुरक्षित) जोडणीचं एन्क्रिप्शन साधारणपणे एकाच कोअरवर चालतं. आठ कोअरच्या मशीनवर तो एक कोअर पूर्ण भरला, तरी सरासरी जेमतेम साडेबारा टक्के दिसते आणि आपण म्हणतो, मशीन तर रिकामं आहे!

आता अंतराकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गफलत इथे होते. पाठवणारा डेटा मिळाल्याची पोच पलीकडून येण्याची वाट बघतो. पोच येईपर्यंत किती डेटा वाटेत ठेवायचा, याला मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. टीसीपी म्हणजे नेटवर्कवर डेटा खात्रीने पोचवण्याची पद्धत; मूळ टीसीपीत ही विंडो जास्तीत जास्त ६४ केबी होती. १९९२ साली ही मर्यादा वाढवू देणारं विंडो स्केलिंग आलं तेव्हा ती अडचण सुटली. १ जीबीपीएसची (सेकंदाला सुमारे १२५ एमबी नेणारी) लाइन आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर लाइन भरलेली ठेवायला सुमारे २५ एमबी डेटा वाटेत असावा लागतो.

ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरचा एसएफटीपी (एसएसएचवरून फाइल पाठवण्याचा) क्लायंट मुळात ३२ केबीच्या ६४ विनंत्या एका वेळी वाटेत ठेवतो, म्हणजे २ एमबी. २०० मिलिसेकंदांवर याचे होतात सेकंदाला दहा एमबीच्या आसपास. लाइनचा दहावा हिस्साही नाही! मग आपण विनंत्यांची संख्या वाढवतो आणि फरक पडत नाही, कारण त्यामागे एसएसएचच्या चॅनेलची (जोडणीच्या आतल्या डेटाच्या वाटेची) स्वतःची विंडो उभी असते, तीही २ एमबीच. अशा वेळी कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा, कितीही वाढवले तरी उपयोग नाही. वेगवेगळ्या जोडण्यांवर समांतर ट्रान्सफर चालवा, वेग लगेच वाढेल.

लिनक्सवर ट्रान्सफर चालू असताना 'एसएस' कमांडचं तपशीलवार आउटपुट जरूर बघा. घेणाऱ्याच्या विंडोमुळे किती वेळ थांबलो, पाठवणाऱ्याच्या बफरमुळे किती, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) किती वेळा पुन्हा पाठवावी लागली, हे सगळं तिथे जोडणीगणिक दिसतं. पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा आकडा चढत असेल, तर बफरला हात न लावता केबल, पोर्ट आणि वाटेतली उपकरणं तपासा. लांबच्या मार्गावर दहा हजारांत एक पॅकेट गळालं, तरी टीसीपीचा वेग चांगलाच खाली येतो.

छोट्या फाइल्सची गोष्ट वेगळी. एसएफटीपीत एका फाइलला उघडणं, लिहिणं, बंद करणं अशा किमान तीन फेऱ्या होतात. २०० मिलिसेकंदांवर दहा लाख फाइल्स एकामागोमाग पाठवल्या, तर जवळजवळ सात दिवस नुसत्या फेऱ्यांत जातात, आणि १० जीबीपीएसची लाइन घेतली तरी त्यातला एक तासही वाचत नाही. त्याच फाइल्स टार या फाइल्स जोडणाऱ्या साधनाने एकत्र करून एकाच प्रवाहात पाठवल्या, की या फेऱ्या उरतच नाहीत.