युरियात विरघळणारी गुठळी

स्टँडवर दोन नळ्या. डावीकडे निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, उजवीकडे बेंबीतून रक्त थांबत नाही म्हणून आणलेल्या बाळाचा. दोन्हींत कॅल्शियम क्लोराइड घातलं, नळ्या ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवल्या. गुठळ्या दोन्हीकडे धरल्या, अगदी सारख्या.

इथेच फसगत होते. पीटी आणि एपीटीटी या नेहमीच्या तपासण्या गुठळी किती सेकंदांत धरते एवढंच मोजतात. ती टिकेल की नाही, हे त्यांना कळत नाही. बाळाचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येतात.

गुठळी टिकवतो फॅक्टर १३, रक्तातलं एक प्रथिन. गुठळी ज्याची बनते त्या फायब्रिनचे धागे जुळले की हा त्यांना एकमेकांशी पक्के टाके घालतो. या बाळासारखी त्याची कमतरता असली तर टाके पडत नाहीत आणि वीण उसवते. थांबलेलं रक्त १२ ते ३६ तासांनी पुन्हा वाहू लागतं.

आता टिचकी मारून गुठळ्या काचेपासून सुट्या केल्या आणि पाच मोलर युरियात सोडल्या. चित्रण वेगाने चालवलंय. उजवीकडे पाहा: कडा धूसर झाल्या, चिंध्या झाल्या, आता नुसतं द्रावण. डावीकडची गुठळी २४ तासांनंतरही तशीच आहे.

तपासणी स्वस्त आहे, साध्या प्रयोगशाळेत होते. मात्र रक्ताचा नमुना प्लाझ्मा किंवा क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, फॅक्टर १३ असलेला घटक) चढवण्याआधीच घ्यायला हवा. बाहेरून थोडासा फॅक्टर शरीरात गेला तरी गुठळी विरघळत नाही आणि आजार निसटतो. सौम्य कमतरताही या नळीत दिसत नाही. त्यासाठी फॅक्टरची पातळीच मोजावी लागते.

दोष बहुधा एफ१३ए१ या जनुकात असतो आणि तो आईवडील दोघांकडून यावा लागतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता वाढते.

ही गोठवलेली क्रायोची पिशवी. ३७ अंशांना वितळवायची आणि काही तासांतच चढवायची. साधारण १० ते २० किलो वजनाला एक पिशवी, दर तीन ते चार आठवड्यांनी. एवढं अंतर चालतं, कारण फॅक्टर १३ रक्तात निम्म्यावर यायला ९ ते १४ दिवस लागतात, आणि पातळी पाच टक्क्यांच्या आसपास राहिली तरी आपोआप होणारा रक्तस्राव बहुधा टळतो. विषाणू निष्क्रिय केलेला शुद्ध फॅक्टर मिळाला तर तोच द्यावा.

उपचार नसलेल्या साधारण तिघांपैकी एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून डोस आयुष्यभर.

सिस्टर कार्डावर पुढची तारीख लिहितायत.