बॅटरीचा दम लोडवर कळतो
राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज जुन्या गाड्यांच्या बॅटरीवर बोलायचंय, माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा.

1912 साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर गाडीत दिला. त्याआधी हँडल मारायचं, ते उलटं फिरलं की लोकांचे हात मोडायचे, आणि बॅटरीला काम काय तर इग्निशन नाहीतर दिवे, म्हणजे थोडा थोडा करंट. स्टार्टर आला तो एका दमात शेकडो अँपिअर ओढायला लागला. एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी वर्षानुवर्षं टिकायची पण आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त, हा दणका तिला झेपेना. शिसं-ॲसिडची झेपवायची, पण ती चांगली आहे की नाही हे नुसते व्होल्ट बघून कळत नाही ना!

मी हे धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका दुकानात शिकलो. तेव्हा जुन्या बॅटऱ्या यायच्या, काळ्या कडक रबराचा डबा, वरून डांबर ओतलेलं आणि सेल, म्हणजे बॅटरीचे वेगवेगळे कप्पे, जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. उस्तादांकडे मुठीचा टेस्टर होता, दोन अणकुचीदार टोकं, मधे सेलमधून मोठा करंट ओढणारी रेझिस्टन्सची पट्टी, म्हणजेच लोड, वर मीटर. टोकं सेलवर दाबून धरली की पट्टी तापायची, तिचा जळका वास यायचा. उस्ताद म्हणायचे, "भाऊ, आकडा नको वाचू, काटा थांबतो का घसरतो ते बघ." चांगला सेल दीड व्होल्टच्या वर थांबतो, खराब सेलचा काटा खाली खाली जातो आणि झाकण उघडं असलं तर त्याच सेलात बुडबुडे उठताना दिसतात. दहा सेकंदांत निकाल!

हिशोब सोपाय, आत नुसता 0.01 ओहम रेझिस्टन्स असला तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. आणि आपल्याकडं भुसावळचा मे महिना म्हणजे पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि बिनलोडचं मीटर तरी बारा व्होल्ट दाखवतंच.

आता सेल जोडणाऱ्या पट्ट्या डब्याच्या आत बंद, सहा सेलांचं एकच उत्तर मिळतं, कुठला सेल गेलाय ते कळत नाही, मला याची खरंच हळहळ वाटते. पण कुणाकडं जुनी बॅटरी असेल तर चार्जिंगवरून काढल्या काढल्या टेस्टर लावू नका हं, आत हायड्रोजन साठलेला असतो आणि टोक टेकताना ठिणगी पडते. झाकणं उघडी ठेवा, वाऱ्यावर जाऊ द्या तो गॅस, मग लावा.