सुईखालचा तास

[दृश्य : पहाट. तालुक्याच्या गावातला एका खोलीचा स्टुडिओ.]

निवेदन :
सकाळचे सहा वाजलेत. निवेदिका फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर सरकवते, "नमस्कार मंडळी" म्हणते आणि गाणं लागतं. त्याच क्षणी शेजारच्या संगणकावर नोंद पडते : गाण्याचं नाव, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ.

गाणं वाजत असतं त्या वेळेला रेडिओच्या धंद्यात 'नीडल अवर' म्हणतात. तबकडीवर सुई टेकलेली असायची, तो वेळ. तबकड्या गेल्या, शब्द राहिला. बोलणं, जाहिराती वगळून नुसत्या गाण्यांची साठ मिनिटं भरली की झाला एक तास. त्या तासाचे पैसे संगीत कंपनीला द्यायचे.

देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं केंद्रं आणि संगीत कंपन्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. २५ ऑगस्ट २०१० ला असे वाद सोडवणाऱ्या कॉपीराइट बोर्डानं सांगितलं, जाहिरातींच्या निव्वळ कमाईतले २ टक्के द्या. लहान गावातल्या केंद्राला हा मोठा आधार होता. दिवाळीत दुकानदारांच्या जाहिराती आल्या की रॉयल्टी वाढायची, आषाढात बाजार थंडावला की तीही उतरायची.

त्या दराची मुदत ३० सप्टेंबर २०२० ला संपली. टाळेबंदीनं जाहिराती आटलेल्या, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बोर्डाच्या जागी आलेल्या न्यायाधिकरणाचा आदेश आला : हिशेब पुन्हा तासावर. उभ्या रिक्षाचं मीटर पडत राहावं, तसं. प्रवासी असो, नसो.

[दृश्य : वहीत गाणी लिहिणारा हात.]

पण या हिशेबात आणखी एक माणूस आहे. ज्यानं गाणं लिहिलं तो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क कायद्यात आला. तरीही केंद्रांनी त्यांना वेगळे पैसे द्यायचे की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश यायला २०२३ उजाडलं. द्यायचे, असं न्यायालयानं सांगितलं. योग्यच सांगितलं. कवीचे पैसे बुडवून रेडिओ वाचवायचा, हे आम्हाला मान्य नाही. आमचं म्हणणं एवढंच, की केंद्राच्या कमाईकडे बघून दर ठरवा.

कारण सगळीच केंद्रं मुंबई-पुण्याची नसतात. साताऱ्यातल्या म्हसवडचं 'माणदेशी तरंग' घ्या, ९०.४ वर लागतं. अशा सामुदायिक, म्हणजे गावच्या लोकांसाठी चालणाऱ्या केंद्राला साधारण शंभर वॅटच्या ताकदीनं प्रक्षेपण करता येतं, आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. २०२४ पासून तासाला बारा मिनिटं जाहिरात करता येते. सरकारी जाहिरातीला दहा सेकंदांचे ७४ रुपये. त्यात वीज, पगार, दुरुस्ती, आणि गाणी.

[दृश्य : ओसरीवर जातं, मांडीवर रेकॉर्डर.]

म्हणून अशी केंद्रं गावात जाऊन माणसं बोलती करतात. ओवी कुणा कंपनीची नाही. म्हणणारी आजी मात्र आहे.

[दृश्य : पुन्हा ती वही. कॅमेरा जवळ.]

गाण्याचं नाव. गायिका. मिनिटं, सेकंद. 'गीतकार' हा रकाना पानभर कोरा आहे. आकाशवाणीवर गाण्याआधी ते नाव घ्यायची रीत होती. निवेदिका पेन उघडते, शोधून एकेक नाव भरू लागते.