तुर्की मुलांना पहिलं इंग्रजी शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार.

तुर्कस्तानातल्या प्राथमिक शाळांमध्ये मुलांना रोजच्या वापरातलं इंग्रजी कसं शिकवावं, आणि ते शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात, याविषयी आज बोलायचं आहे. आपल्याकडे पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. एक गोष्ट मात्र अगदी उलटी आहे, आणि तिथूनच सुरुवात करायला हवी.

मराठी मुलासमोर इंग्रजी शब्द लिहून ठेवला, तर ती अक्षरंच त्याला नवी असतात. तुर्की मुलाला ती ओळखीची वाटतात, कारण १९२८ पासून तुर्की भाषा लॅटिन लिपीत लिहिली जाते. तिच्या वर्णमालेत २९ अक्षरं आहेत. इंग्रजीतली क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन त्यात नाहीत, उरलेली २३ आहेत आणि सहा तुर्कीची स्वतःची. तुर्कीत जसं लिहिलं तसं वाचायचं असतं. त्यामुळे पहिलीच्या अखेरीला मूल समोर येईल ते मोठ्याने वाचू लागतं. हे त्या लिपीचं मोठंच यश आहे, पण इंग्रजीच्या तासाला ते आडवं येतं. तुर्कीत सी या अक्षराचा उच्चार 'ज' असा होतो. म्हणून फळ्यावर 'कॅट' लिहिलं की मूल वाचतं 'जात'. 'नेम'चं होतं 'नामे' आणि 'लाइक'चं 'लिके'. 'मी करू शकतो' यातला 'कॅन' लिहिला, तर ते 'जान' वाचतं. जान म्हणजे जीव, आपण म्हणतो तोच, आणि वर्गात त्या नावाचा एखादा मुलगाही असतो! 'वर' या अर्थाचा 'ऑन' तुर्कीत वाचला की होतो दहा, आणि 'अॅट' होतो घोडा.

मूल इथे चुकत नाही. शाळेने शिकवलेलं ते इमानाने वापरतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी कानाने ऐकू द्यायचं, मग तोंडाने बोलू द्यायचं, आणि डोळ्यांसमोर अक्षरं अगदी शेवटी आणायची. २०१३ पासून तुर्कस्तानात इंग्रजी दुसरीपासून शिकवलं जातं, त्याआधी ते चौथीपासून होतं. आठवड्याला दोन तासिका आणि तासिका ४० मिनिटांची, म्हणजे आठवड्याला जेमतेम ८० मिनिटं. दुसरीच्या अभ्यासक्रमाचा भर ऐकण्या-बोलण्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण तास संपत आला की फळ्यावर शब्दांची यादी लिहून देण्याचा मोह होतो. तो टाळावा.

चित्रांची कार्डं करताना त्यांच्यावर शब्द लिहूच नका. एका तासाला पाच नवे शब्द घ्या, फार तर सहा. अभ्यासक्रमाची सुरुवात दोन्ही भाषांत सारख्या असलेल्या शब्दांनी होते, ती कल्पना मला फार आवडते. बलून म्हणजे बालोन, हॉटेल म्हणजे ओतेल, रेडिओ म्हणजे राद्यो. शिवाय डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स. योगर्ट तर इंग्रजीनेच तुर्कीतून घेतला आहे. पहिल्याच दिवशी मुलाला कळतं की आपल्याला थोडं इंग्रजी येतं. इथे आघाताकडे, म्हणजे उच्चारातल्या जोराकडे, लक्ष द्या. तुर्कीत आघात सहसा शब्दाच्या शेवटी पडतो, म्हणून मूल 'डॉक्टर' म्हणताना 'टर'वर जोर देतं. शब्दाच्या पहिल्या तुकड्याला जोरात टाळी आणि दुसऱ्याला बोटाची टिचकी, असं चार-पाच वेळा केलं की जोर जागेवर येतो.

हालचालींसाठी तुर्की मुलांचाच एक खेळ आहे. पुढारी 'देवे' म्हणजे उंट म्हणाला की उभं राहायचं, 'जुजे' म्हणजे बुटका म्हणाला की खाली बसायचं. चुकेल तो बाद. हाच खेळ 'स्टँड अप' आणि 'सिट डाउन'वर खेळा. नियम मुलांना पाठ असल्यामुळे समजावण्यात वेळ जात नाही. दोन आठवड्यांनी त्यात 'टच युअर नोज', 'टच युअर चेअर' घाला. आपल्या 'मामाचं पत्र हरवलं'सारखा, गोल बसून पाठीमागे रुमाल टाकायचा खेळही तिथे आहे. रुमालाऐवजी चित्राचं कार्ड टाका. ज्याच्या मागे पडेल त्याने पळण्याआधी चित्राचं नाव सांगायचं.

आता उच्चार. तुर्कीत शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन जड जातं, म्हणून स्टेशनचं 'इस्तास्योन' झालं आणि लिहिताना 'स्पोर' असलेला शब्द बोलताना 'सिपोर' ऐकू येतो. 'स्कूल'चं 'सिकूल' होतं ते यामुळेच. आपल्याकडचा 'इस्कूल' आठवा. उपाय सोपा आहे: सापासारखा लांब 'स्स्स्स' काढायचा, आणि तो न तोडता 'कूल' म्हणायचं. श्वास मधे थांबला की स्वर घुसतो. डब्ल्यूचा 'व' तुर्की मूल दात ओठाला लावून काढतं. त्याला मेणबत्ती विझवायला सांगा. ओठ गोल झाले की त्याच ओठांनी 'उ' म्हणत 'उ-ऑट', 'उ-ऑट', 'व्हॉट'. 'थँक यू'मधला 'थ' तुर्कीत नाही, त्याचा 'त' किंवा 'स' होतो. (आपला थ तरी कुठे तसा आहे? आपण दातांमागे थांबतो.) लहान आरसा द्या आणि जिभेचं टोक दातांमधून दिसलं पाहिजे एवढंच सांगा. दिवसाला दोन मिनिटं पुरे, याहून जास्त ताणलं तर मूल बोलायचंच थांबतं. तुर्कीत शब्दाच्या शेवटचा 'ब' किंवा 'ड' टिकत नाही, त्याचा 'प' किंवा 'त' होतो. म्हणून 'बेड'चा 'बेत' ऐकू येतो. शेवटच्या व्यंजनाशी झगडू नका, आधीचा स्वर थोडा लांबवायला लावा. फरक आपोआप पडतो.

वाक्यरचनेत आपण आणि तुर्की शेजारी आहोत. 'मी सफरचंद खातो' या क्रमानेच तेही बोलतात, क्रियापद शेवटी. म्हणून 'आय अॅपल लाइक' ऐकू आलं तर नवल नाही. त्याहून हट्टी चूक 'आय सेव्हन' ही आहे. तुर्कीत 'मी सात वर्षांचा आहे' हे सांगताना 'आहे' हा वेगळा शब्द नसतो, तो मागच्या शब्दाला प्रत्यय म्हणून चिकटतो. मुलाच्या कानाला 'अॅम'ची जागाच माहीत नसते. म्हणून 'आय' आणि 'अॅम' सुटे शिकवू नयेत. 'आयम सेव्हन', 'आयम हॅपी' असा एकच घास द्यावा.

संख्येनंतर तुर्कीत अनेकवचन होत नाही: दोन सफरचंद म्हणजे 'इकी एल्मा', नाम एकवचनातच. मूल 'टू कॅट' म्हणतं. संख्येनेच कळलं तर शेपूट कशाला, हा त्याचा हिशेब आहे. एक मांजर आणि तीन मांजरं अशी दोन कार्डं दाखवा आणि दुसऱ्याला सापाचा तोच 'स्स' हाताने वळवळत करायला लावा. 'तो'-'ती'चं तसंच आहे. तुर्कीत तो, ती, ते या तिन्हींना एकच शब्द: 'ओ'. दोन्ही सर्वनामं एका दिवशी शिकवली की वर्षभर गोंधळ राहतो. पहिला आठवडा फक्त 'शी': आन्ने म्हणजे आई, आब्ला म्हणजे ताई, नीने म्हणजे आजी. 'ही' पुढच्या आठवड्यात, बाबा आणि देदे म्हणजे आजोबा यांच्याबरोबर. हो, बाबांना तिथेही बाबाच म्हणतात.

तुर्कीत दिवा 'उघडतात' आणि टीव्ही 'बंद करतात', म्हणून 'ओपन द लाइट' येतं. हे वाक्य फळ्यावर सुधारू नका. रोज एका मुलाला दिव्याच्या बटणापाशी उभं करा आणि बाकीच्यांना 'टर्न ऑन', 'टर्न ऑफ' सांगू द्या.

अक्षरं दाखवायची वेळ आली की 'पेन', 'टेन', 'रेड', 'लेग', 'बेड' इथून सुरुवात करा. हे शब्द तुर्की पद्धतीने वाचले तरी जवळजवळ बरोबर येतात. 'कॅट' आणि 'आइस' नंतर. अक्षरांची नावं तर आणखी उशिरा, कारण इंग्रजी 'ई' हे नाव ऐकून तुर्की मूल आय लिहितं. मोठ्या लिपीतला, वर टिंब नसलेला आय तुर्कीत एक निराळाच स्वर आहे: ओठ गोल न करता, जीभ मागे ओढून काढलेला 'उ'. 'आय लाइक' वाचताना मूल तोच स्वर काढतं. त्या आयशेजारी चंद्रकोर काढा. तुर्कीत चंद्राला 'आय' म्हणतात, त्यामुळे उच्चार लगेच जुळतो.

एक सवय मात्र मोडायलाच हवी. इंग्रजी शब्दाखाली त्याचं 'वाचन' तुर्की स्पेलिंगमध्ये लिहायचं, 'वात इज दिस' असं, आणि ते पाठ करायचं. तुर्की अक्षरांत ओठ गोल करायचा 'व' नाही आणि जीभ दातांत घ्यायचा 'द'ही नाही. म्हणजे वहीत चूकच लिहिली जाते, आणि मूल घरी तीच वीस वेळा म्हणतं. त्याऐवजी शिक्षकाने पाच शब्द आपल्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून पालकांना पाठवावेत. प्रत्येक शब्द दोनदा, मधे तीन सेकंदांची शांतता, त्या शांततेत मुलाने म्हणायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट. रात्री झोपण्याआधी एकदा आणि सकाळी शाळेला निघताना एकदा लावलं, की पुढच्या तासाला कार्ड वर धरताच हात वर येतात.