शाळेपुढची 25 ची पाटी

मघाशी एका काकांनी विचारलं, आता गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं, ब्रेक सुधारले, मग शाळेजवळ अजून ताशी 25 च्या वेगानं रखडायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. हिशेबच मांडू.

मूल दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 50 किलोमीटरची गाडी तेवढ्यात जवळजवळ 14 मीटर पुढे गेलेली असते. ताशी 30 ची गाडी कोरड्या डांबरावर तेवढ्याच अंतरात थांबूनसुद्धा जाते. म्हणजे जिथे एक गाडी उभी राहिली, तिथून दुसरी पुऱ्या पन्नासनं निघून जाते. एबीएसचं काम पाय पडल्यावर सुरू होतं. त्याआधी त्याला कोण विचारतो? मांडीवर मोबाइल असेल तर एक सेकंदही कमीच धरलाय म्हणायचं. आणि 25 ठेवलं की ओल्या रस्त्यालाही थोडी जागा उरते.

शाळा सुटताना फाटकासमोर उभं राहून बघा. स्कूलबस, तिला चिकटून व्हॅन, रिक्षाकाका, आणि इंजिन चालू ठेवून स्कूटरवर बसलेले आपण. दुसरीतलं पोर बस आणि व्हॅनच्या फटीतून येतं. चालकाला आधी पाण्याची बाटली दिसते, मग पोर.

नुसत्या पाटीवर मात्र माझा भरवसा नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा’. आकडा नाहीच. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनं पालिका हद्दीत मोटारीला कमाल 70 ची मुभा दिली आहे, तेव्हा 55 वालाही स्वतःला सावकाशच समजणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे ही मर्यादा कायमची खाली आणायची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर पाटीही हवी. शाळेनं हौसेनं भिंतीवर रंगवलेला 25 चा आकडा चलन फाडायच्या कामाचा नाही. अर्ज करायचाच असेल तर या अधिसूचनेसाठी करा.

रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावर 25 कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये बहुतेक शाळांपुढे 40 ची मर्यादा शाळेच्या दिवशी सकाळी 8 ते 9.30 आणि दुपारी 2.30 ते 4 एवढीच असते. आपल्या दोन अधिवेशनांच्या शाळांना ते झेपणार नाही. सकाळी सातला एक भरते, दुपारी अदलाबदल, संध्याकाळी दुसरी सुटते, वर जादा तास. म्हणून दिवसभर ठेवा, रात्री उठवा.

आणि रस्ताच असा करा की अ‍ॅक्सिलरेटरवर पायच हलका पडेल. उंटाच्या पाठीसारखे, रंग उडालेले गतिरोधक मला नकोत. त्यांनी दुचाकीवालेच पडतात. फाटकासमोर पदपथाच्या उंचीचं, सपाट झेब्रा क्रॉसिंग हवं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वाहनं उभी करायला पूर्ण बंदी. या बंदीला सगळ्यात जास्त विरोध पालकांचाच होतो. बोला, कोणाचा आहे?